मत नसलेली खासदार

नगरपालिकेच्या सभेला तुमच्यापैकी कुणी गेल्या असतील, तर तिथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. काही सदस्य सभेत बसतात, बोलतात, वादही घालतात. पण ठराव मताला टाकला की त्यांचा हात वर होत नाही. हे स्वीकृत सदस्य. लोकांनी त्यांना निवडून दिलेलं नसतं, अनुभव किंवा जाणकारी पाहून घेतलेलं असतं. म्हणून सभेत त्यांना मताचा अधिकार नाही, असं आपली राज्यघटनाच सांगते. यात कुणाला फारसं वावगं वाटत नाही.

पण समजा, लोकांनी रांगा लावून निवडून दिलेल्या बाईलाच कुणी सांगितलं, की तुम्ही बसा, भाषण करा, हवा तर कायद्याचा मसुदाही मांडा, फक्त शेवटी मत देऊ नका. तर?

आज आपण अशा एका बाईंची माहिती घेणार आहोत. त्यांचं नाव मॅडलिन बोर्दालो. प्रशांत महासागरात, फिलिपाइन्सच्या पूर्वेला आणि जपानच्या दक्षिणेला ग्वाम नावाचं एक बेट आहे. त्या बेटाच्या वतीने त्या १६ वर्षं अमेरिकेच्या संसदेत बसल्या. आणि या १६ वर्षांत कुठल्याही कायद्यावर शेवटचं मत देण्याचा अधिकार त्यांना एकदाही मिळाला नाही.

आधी बेटाची ओळख करून घेऊ. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा आहे, त्याहूनही ग्वाम थोडं लहान, साधारण ५४० चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या होती १,५३,८३६. म्हणजे आपल्या एखाद्या बऱ्यापैकी तालुक्याएवढी. गावं १९, आणि प्रत्येक गावाला निवडून आलेला महापौर. मूळचे लोक चामोरो, धर्माने बहुतेक कॅथलिक. आधी या बेटावर स्पेनचं राज्य होतं. १८९८ मध्ये स्पेन अमेरिकेशी लढाई हरला आणि बेट अमेरिकेकडे आलं. अमेरिकेने ते सरळ आपल्या नौदलाच्या ताब्यात दिलं. नौदलाचा कप्तान तोच राज्यपाल, तोच कायदा करणारा. लोक अमेरिकेच्या अमलाखाली आले, पण अमेरिकेचे नागरिक झाले नाहीत.

मॅडलिनबाईंची गोष्ट सांगायची तर ती त्यांच्या सासऱ्यांपासून सुरू करावी लागते. बाल्ताझार बोर्दालो हे ग्वाममधले व्यापारी आणि पुढारी. १९३६ साली ते आणि फ्रान्सिस्को लिऑन गेरेरो असे दोघे वॉशिंग्टनला गेले. ग्वाम ते वॉशिंग्टन अंतर साधारण १२,८०० किलोमीटर, आणि तेव्हाचा प्रवास बोटीचा. मागणी एकच होती : आमच्या लोकांना नागरिकत्व द्या. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची त्यांनी भेट घेतली, संसदेत विधेयकही आलं. नौदलाने विरोध केला आणि दोघे हात हलवत परत आले. नागरिकत्व मिळायला १९५० साल उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्याने नौदलाचा अंमल संपला, बेटाला स्वतःचं २१ सदस्यांचं विधिमंडळ मिळालं. १९५४ मध्ये लाग्रिमास उन्तालान आणि सिंथिया टोरेस या दोघी त्या विधिमंडळात निवडून आल्या. राज्यपाल मात्र वॉशिंग्टनहून नेमून येत होता. तो लोकांनी निवडावा, ही सोय १९७० मध्ये झाली. आणि वॉशिंग्टनच्या संसदेत ग्वामची एक खुर्ची आली १९७३ मध्ये. मताशिवायची.

ग्वामचे लोक राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही मत देऊ शकत नाहीत. तरुण मात्र अमेरिकेच्या सैन्यात मोठ्या संख्येने जातात. बेटाच्या जमिनीचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग सैन्याच्या ताब्यात आहे. हे दोन्ही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मॅडलिनबाई. त्या मूळच्या चामोरो नव्हेत. त्यांचं माहेर अमेरिकेतलं मिनेसोटा, जिथे हिवाळ्यात तळी गोठतात. जन्म १९३३ चा. वडिलांना ग्वाममध्ये शाळेची नोकरी लागली म्हणून १९४८ मध्ये सगळं कुटुंब तिकडे आलं. बेट तेव्हा युद्धातून नुकतंच सावरत होतं. पुढे त्या संगीत शिकायला परत अमेरिकेत गेल्या, आणि १९५३ मध्ये बाल्ताझार बोर्दालोंच्या मुलाशी, रिकार्दोशी, त्यांचं लग्न झालं. म्हणजे आपल्या भाषेत, त्या ग्वामच्या सून.

त्यानंतरची गोष्ट सांगताना आम्हा रेडिओवाल्यांना जरा जास्तच आनंद होतो. १९५४ मध्ये ग्वाममध्ये केयूएएम हे केंद्र सुरू झालं, आधी रेडिओ आणि दोन वर्षांनी टीव्ही. मॅडलिनबाई तिथे निवेदिका झाल्या आणि १९६० नंतरची काही वर्षंही तिथे होत्या. त्यामुळे निवडणुकीला उभं राहण्याच्या कितीतरी आधी त्यांचा आवाज घरोघरी ओळखीचा झाला होता. राजकारणात आवाज ओळखीचा असणं ही केवढी मोठी पुंजी आहे, हे आम्ही वेगळं सांगायला नको.

पती रिकार्दो राजकारणात होते. १९७५ ते १९७९ आणि पुन्हा १९८३ ते १९८७ ते राज्यपाल होते. आपल्याकडे सरपंचपती असतात, तिथे या राज्यपालपत्नी. पण मॅडलिनबाई नुसत्या पाहुण्यांचं स्वागत करत बसल्या नाहीत. पती सत्तेबाहेर होते तेव्हा, १९८० च्या निवडणुकीत, त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि बेटाच्या विधिमंडळात गेल्या. तिथे सदस्याला सिनेटर म्हणतात आणि मुदत दोन वर्षांची असते. पती पुन्हा राज्यपाल झाल्यावर चार वर्षं त्या विधिमंडळाबाहेर होत्या. १९८७ पासून १९९५ पर्यंत सलग चार वेळा पुन्हा सिनेटर. एकूण पाच मुदती.

या मधल्या काळात घरावर जे कोसळलं, ते थोडक्यात सांगतो. १९८६ मध्ये रिकार्दो निवडणूक हरले. त्यांच्यावर लाचखोरीचे आणि साक्षीदारांवर दबाव आणण्याचे आरोप झाले. शिक्षा झाली, अपिलात काही आरोप गळले, काही टिकले. ३१ जानेवारी १९९० ला तुरुंगात हजर होण्यासाठी त्यांना विमानाने अमेरिकेला जायचं होतं. त्या दिवशी राजधानीतल्या चौकात, बेटाच्या जुन्या सरदाराच्या पुतळ्यापाशी, त्यांनी आपलं आयुष्य संपवलं.

त्याच वर्षी मॅडलिनबाई राज्यपालपदासाठी उभ्या राहिल्या. प्रमुख पक्षाकडून या पदासाठी उभी राहिलेली त्या बेटावरची ही पहिली बाई. त्या हरल्या. सहानुभूतीच्या लाटेवर बाईला निवडून आणायचं, हे गणित आपल्याकडेही खूप ऐकू येतं. ग्वाममध्ये तसं झालं नाही. आणि आमच्या मते यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की हरल्यावर त्या घरी बसल्या नाहीत. सिनेटर म्हणून काम चालूच होतं. १९९४ मध्ये कार्ल गुटिएरेझ यांच्या जोडीने त्या निवडून आल्या आणि ग्वामच्या पहिल्या महिला उपराज्यपाल झाल्या. आठ वर्षं त्या पदावर होत्या. बेट स्वच्छ आणि देखणं ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण बेटाचं पोट बऱ्याच अंशी जपान आणि कोरियाहून येणाऱ्या पर्यटकांवर भरतं.

१९९८ च्या निवडणुकीची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ग्रामपंचायतीच्या मतमोजणीला टेबलाशी बसलेल्या बायकांना ती लगेच कळेल. ग्वाममध्ये राज्यपाल आणि उपराज्यपाल यांना जोडीनेच मत द्यावं लागतं, आणि जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात. तेवढी कुणालाच नसतील तर दोघा पुढच्यांमध्ये पुन्हा निवडणूक. त्या वर्षी गुटिएरेझ आणि बोर्दालो यांच्या जोडीला मिळाली २४,२५० मतं. विरोधी जोडीला २१,२००. तिसऱ्याच कुणाचं नाव हाताने लिहिणारे १,२९४. आता घोळ कुठे झाला पाहा. १,३१३ मतदारांनी दोन्ही जोड्यांना खुणा केल्या होत्या, म्हणजे ती मतं बाद. आणि ६०९ जणांनी राज्यपालाचा रकाना कोराच सोडला होता. ही बाद आणि कोरी धरली तर एकूण मतपत्रिका ४८,६६६ आणि त्यात या जोडीची टक्केवारी ४९.८३. निम्म्याच्या एका केसाने खाली! ती न धरता मोजलं तर ५१ टक्क्यांहून वर.

मग कोरी मतपत्रिका हे मत धरायचं की नाही? विरोधक कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने पुन्हा निवडणूक घ्यायला सांगितलं, वरच्या कोर्टानेही तेच म्हटलं. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं. तिथे जानेवारी २००० मध्ये न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की ज्याने त्या पदासाठी मतच दिलेलं नाही, त्याची मतपत्रिका त्या पदाच्या मोजणीत धरता येणार नाही. तोवर पाव कारकीर्द होऊन गेली होती. ज्यांना राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क नाही, त्यांच्या ६०९ कोऱ्या कागदांवर देशाचं सगळ्यात मोठं न्यायालय विचार करत बसलं होतं, याचं आम्हाला नवल वाटतं.

२००२ मध्ये वॉशिंग्टनमधली ग्वामची खुर्ची रिकामी झाली. आधीचे प्रतिनिधी रॉबर्ट अंडरवुड राज्यपालपदासाठी उभे राहिले होते. मॅडलिनबाई निवडून आल्या, आणि जानेवारी २००३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यांनी शपथ घेतली. ग्वामहून तिथे गेलेली ही पहिली बाई. सासरे ज्या शहरातून रिकाम्या हाताने परतले होते, तिथे सून खुर्चीवर बसली. पण खुर्ची कसली होती, ते नीट समजून घेऊ.

अमेरिकेच्या संसदेची दोन सभागृहं आहेत. त्यातल्या प्रतिनिधीगृहात मत असलेले ४३५ सदस्य. त्याशिवाय सहा सदस्य असे आहेत ज्यांना अंतिम मत नाही : राजधानीचा एक, आणि पाच बेटांच्या प्रदेशांचे पाच. सिनेटमध्ये तर या प्रदेशांचं कुणीच नाही. हे सहा जण विधेयक मांडू शकतात. समितीत बसू शकतात, आणि समितीत मतही देऊ शकतात. भाषण करू शकतात. पण विधेयक सभागृहापुढे शेवटच्या मंजुरीला आलं की त्यांना बाजूला बसावं लागतं.

यात एक मजेशीर, खरं तर चीड आणणारा नियम आहे. प्रतिनिधीगृह कधी कधी सगळंच्या सगळं एका मोठ्या समितीसारखं बसतं आणि दुरुस्त्यांवर मतदान घेतं. २००७ ते २०१० या चार वर्षांत या सहा जणांना तिथे मत द्यायची मुभा मिळाली. पण अट अशी, की त्यांच्या मतांमुळे निकाल फिरत असेल, तर मतदान लगेच पुन्हा घ्यायचं, या खेपेला त्यांना वगळून. म्हणजे तुमच्या मताने काही होत नसेल तोवरच तुम्ही मत द्या! घरातल्या सुनेला "तुझं काय म्हणणं आहे?" असं विचारून शेवटी ठरलेलंच करायचं, तसलाच हा प्रकार. २०११ मध्ये सभागृहात दुसऱ्या पक्षाचं बहुमत आलं आणि ही मुभाही काढून घेतली गेली. ती पुन्हा मिळाली जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे मॅडलिनबाई निवृत्त झाल्या त्याच महिन्यात.

मग मत नसलेली बाई काम कसं करते? उत्तर आहे समिती. कायद्याचा खरा स्वयंपाक समितीतच होतो, सभागृहात नुसतं ताट वाढलं जातं. मॅडलिनबाईंनी दोन समित्या धरून ठेवल्या : सैन्याची आणि नैसर्गिक संपत्तीची. सैन्याची का, ते बेटाच्या जमिनीचा हिशोब आठवला की कळेल. नैसर्गिक संपत्तीच्या समितीत मासेमारी, समुद्र आणि बेटांचे प्रदेश येतात. २००७ पासून चार वर्षं त्या तिथल्या समुद्राविषयीच्या उपसमितीच्या अध्यक्ष होत्या. अध्यक्ष झाल्यावर कुठला विषय आधी घ्यायचा, साक्षीला कुणाला बोलवायचं, हे त्यांच्या हातात. मत असलेल्या सदस्यांनाही मग आपल्या मतदारसंघातल्या मच्छीमारांसाठी त्यांच्याकडे यावं लागायचं.

याचं एक चांगलं उदाहरण शार्कच्या कायद्याचं आहे. आपल्या कोकणात ज्याला मुशी किंवा मोरी म्हणतात, तेच हे शार्क. पूर्व आशियात त्यांच्या परांच्या सूपाला फार किंमत मिळते. त्यामुळे बोटीवर जिवंत शार्कचे पर कापायचे आणि धड समुद्रात फेकून द्यायचं, असा धंदा चालायचा. पर महाग, मांस स्वस्त, मग बोटीत जागा कशाला अडवायची? मॅडलिनबाईंनी विधेयक मांडलं, की शार्क किनाऱ्याला आणायचा तो परांसकटच. एका जातीच्या लहान शार्कचा अपवाद ठेवून ते मंजूर झालं आणि ४ जानेवारी २०११ ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यावर सही केली. मसुदा बाईंचा, पाठपुरावा बाईंचा, शेवटचं मत मात्र बाकीच्यांचं.

पण ज्या कामासाठी ग्वामच्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांच्याकडे डोळे लावले होते, ते काम वेगळंच होतं, आणि त्यासाठी आपल्याला १९४१ सालात जावं लागेल.

८ डिसेंबर १९४१. ग्वाममध्ये मेरीमातेच्या सणाचा दिवस, लोक चर्चमध्ये होते. जपानी विमानांनी बॉम्ब टाकले, दोन दिवसांनी सैन्य उतरलं. नौदलाच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना अमेरिकेने त्याआधीच बोटीने हलवलं होतं. चामोरो लोक होते तिथेच राहिले. पुढची पावणेतीन वर्षं त्यांनी काय भोगलं, ते सगळं सांगायला आपला वेळ पुरणार नाही. विमानांच्या धावपट्ट्या बांधायला आणि भाताच्या शेतांवर सक्तीची मजुरी. मारहाण, शिरच्छेद. बायकांवर अत्याचार. लपवलेल्या रेडिओवर अमेरिकेच्या बातम्या ऐकणं हा जिवावर बेतणारा गुन्हा होता. तरी लोक ऐकत होते आणि कानोकानी पसरवत होते. त्यात अगेदा जॉन्स्टन नावाच्या एक शिक्षिका होत्या. अमेरिकन नौदलाचा एक सैनिक जंगलात लपला होता, त्याचा ठावठिकाणा सांगावा म्हणून त्यांना फटके मारले गेले. त्यांनी सांगितला नाही. जुलै १९४४ मध्ये अमेरिकन सैन्य जवळ आलं तेव्हा हजारो माणसांना, कडेवर पोरं आणि पाठीवर म्हातारी माणसं घेऊन, पावसात चालवत मानेंगोन आणि इतर छावण्यांत नेलं गेलं. बेटावर तेव्हा चामोरो होते सुमारे २२,०००. हजाराहून जास्त जीव गेले. २१ जुलैला अमेरिकन सैन्य उतरलं. तो दिवस आजही बेटावर मोठ्या थाटाने साजरा होतो.

मग नुकसानभरपाई? १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने कायदा केला, पण अर्ज करायला मुदत दिली फक्त १ डिसेंबर १९४६ पर्यंत. राजधानी बॉम्बफेकीत जमीनदोस्त झालेली, लोक छावण्यांत राहत होते, आणि अर्ज भरायचा नौदलाकडे. ५,००० डॉलरच्या वरचा दावा असेल तर मंजुरी वॉशिंग्टनची. कितीतरी लोक यातून सुटले. पुढे १९५१ मध्ये अमेरिकेने जपानशी तह केला आणि आपल्या नागरिकांच्या वतीने जपानवरचे असे सगळे दावे सोडून दिले. ग्वामचे लोक एक वर्षापूर्वीच नागरिक झाले होते! ज्या नागरिकत्वासाठी इतकी वर्षं झगडले, त्याच नागरिकत्वामुळे जपानकडे मागायची वाट बंद झाली. आता मागायचं तर आपल्याच सरकारकडे.

मॅडलिनबाईंच्या आधीच्या प्रतिनिधींनीही प्रयत्न केले होते. २००२ च्या शेवटी अंडरवुड यांनी एक चौकशी आयोग मंजूर करून घेतला आणि त्या आयोगाने २००४ मध्ये सांगितलं, की या लोकांना भरपाई देणं न्यायाचं आहे. तो अहवाल हातात घेऊन मॅडलिनबाईंनी विधेयक मांडलं. २००७ मध्ये प्रतिनिधीगृहाने ते मंजूर केलं. सिनेटमध्ये अडलं. २००९ मध्ये पुन्हा मांडलं, प्रतिनिधीगृहाने पुन्हा मंजूर केलं, सिनेटमध्ये पुन्हा अडलं. दोन्ही वेळा, आपल्याच विधेयकावर, त्यांना स्वतःला मत नव्हतं. आणि सिनेटमध्ये तर बोलायला ग्वामचा माणूसच नाही. तिथले काही जण म्हणत, पैसा कुठून आणायचा? काही विचारत, भोगलेलं माणूस नंतर वारलं असेल तर त्याच्या मुलांना का द्यायचं? या शेवटच्या प्रश्नावर घोडं फार काळ अडलं. आणि जितका काळ अडलं, तितकी माणसं वारत गेली.

मॅडलिनबाईंनी मग दुसरी वाट धरली. अमेरिकेत सैन्याच्या खर्चाचा एक कायदा दरवर्षी होतो, आणि तो सहसा चुकत नाही. हमखास सुटणाऱ्या एसटीच्या टपावर आपलं बोचकं टाकावं, तसं त्यांनी आपलं विधेयक या कायद्याबरोबर बांधायचा प्रयत्न चालवला. सैन्याच्या समितीत त्या इतकी वर्षं का बसून होत्या, ते इथे कळतं. एकदा नाही, अनेकदा बोचकं वाटेत उतरवलं गेलं. शेवटी २३ डिसेंबर २०१६ ला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्या वर्षीच्या कायद्यावर सही केली आणि त्यात ग्वामचा भाग होता. मॅडलिनबाई तेव्हा ८३ वर्षांच्या होत्या.

काय मिळालं? युद्धात मारल्या गेलेल्यांच्या जवळच्या नातलगांना २५,००० डॉलर. बलात्कार झालेल्या किंवा हातपाय गमावलेल्या हयात माणसांना १५,०००. सक्तीची मजुरी किंवा दुखापत सोसलेल्यांना १२,०००. सक्तीने चालवलेल्या, छावणीत डांबलेल्या किंवा त्यातून वाचायला लपून राहिलेल्यांना १०,०००. हयात असण्याची अट शेवटी राहिलीच. जी माणसं युद्धातून वाचली, पण कायदा होईपर्यंत वाचली नाहीत, त्यांच्या मुलांना काही नाही. आणि ज्या बायांनी ७० वर्षं तोंडातून शब्द काढला नव्हता, त्यांना आता सरकारी अर्जावर आपल्यावर काय झालं ते लिहायचं होतं.

पैसा कुठून आला, यावर ग्वाममध्ये आजही नाराजी आहे. बेटावर नोकरी करणाऱ्या अमेरिकन सरकारी माणसांचा आणि सैनिकांचा आयकर एरवी ग्वामच्या तिजोरीला मिळतो. त्या रकमेत २०१४ च्या आकड्यापेक्षा जेवढी वाढ होईल, तेवढी या भरपाईसाठी वळवायची, असं ठरलं. बेटावर सैन्य वाढलं की ही रक्कम वाढणार, आणि ती वाढ बेटाला मिळणार नाही. आपल्याच खिशातून काढून आपल्याच हातावर ठेवलं, असं लोक म्हणाले, आणि ते म्हणणं खोटं नव्हतं. मॅडलिनबाईंनी हे मान्य करून सही करून घेतली. म्हातारी माणसं हाताशी असताना जे पदरात पडतंय ते घ्यावं की पूर्ण न्यायासाठी आणखी थांबावं, यावर आमच्यातही हे लिहिताना बरीच वादावादी झाली. आमचं बहुमत त्यांच्या बाजूने पडलं. पण सगळ्या त्या बाजूच्या नव्हत्या.

टीका आणखी एका गोष्टीवरून झाली. जपानमधल्या ओकिनावाहून अमेरिकेचे हजारो मरीन सैनिक ग्वामला हलवायचं २००६ मध्ये ठरलं. मॅडलिनबाई त्याच्या बाजूने होत्या, रस्ते, पाणी, बंदर यांसाठी आधी पैसा द्या अशी अट घालून. रोजगार येईल असं त्या म्हणत. ज्यांच्या जमिनी युद्धानंतर सैन्याने घेतल्या त्या कुटुंबांना हे पटणं कठीण होतं. चामोरो तरुण मुलंमुली गोळीबाराच्या सरावाच्या मैदानाविरुद्ध उभी राहिली. सुनेने सासरचं सगळं आपलं केलं तरी जमिनीचं दुःख माहेरवाशिणीला जास्त कळतं, असं आम्हाला वाटून गेलं. पण हा आमचा अंदाज.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्या पक्षातल्याच निवडणुकीत हरल्या. त्यांच्या जागी मायकेल सान निकोलस हे तरुण सिनेटर गेले. म्हणजे ग्वामची वॉशिंग्टनमधली खुर्ची पुन्हा पुरुषाकडे गेली. त्याच वर्षी बेटावर मात्र लू लिऑन गेरेरो पहिल्या महिला राज्यपाल म्हणून निवडून आल्या, आणि विधिमंडळाच्या १५ जागांपैकी १० जागांवर बायका आल्या.

भरपाईचे अर्ज जून २०१८ पर्यंत घेतले गेले. पैसे मात्र निघेनात, कारण कायद्याच्या शब्दांत एक त्रुटी राहिली होती : दाव्याची रक्कम ठरवायची सोय होती, खजिन्यातून ती द्यायला सांगणारं वाक्य नीट नव्हतं. ते दुरुस्त करणारं विधेयक सान निकोलस यांनी मांडलं आणि जुलै २०२० मध्ये त्याचा कायदा झाला. दरम्यान बेटाच्या सरकारने त्याच वर्षाच्या सुरुवातीला स्वतःच्या पैशातून वाटप सुरू केलं होतं. मानेंगोनच्या वाटेवर जी मुलं आईच्या कडेवर होती, त्यांना ते पैसे मिळाले तेव्हा ती पंच्याहत्तरीच्या पुढची होती.